घरातला नमुना

शनिवार, २ मार्च

सरांनी माझं पहिलं प्रकरण दोन बोटांच्या चिमटीत धरून परत दिलं. लॅबमध्ये झाकण नीट न लागलेली डबी आम्ही अशीच धरतो.

"यात कुणाला घाम येत नाही," ते म्हणाले. "कुणी शिंकत नाही, कुणाला बूट चावत नाही. तुमची नायिका अख्खं प्रकरणभर खिडकीत उभी आहे. तिचे पाय दुखत नाहीत का हो?"

वर्ग हसला. वर्ग म्हणजे वाचनालयाच्या माडीवर दर शनिवारी भरणारी आमची कादंबरी-लेखनाची कार्यशाळा. सगळ्यात मोठ्यानं हसले ते निवृत्त भूगोल शिक्षक. त्यांच्या स्वतःच्या कादंबरीतल्या राणीचे डोळे पानोपानी तळ्यासारखे असतात.

घरी येऊन प्रकरण पुन्हा वाचलं. 'तिच्या मनाच्या आभाळात आठवणींचे ढग दाटून आले.' शी! दिवसभर लोकांचं रक्त आणि लघवी तपासणाऱ्या, चाळिशी उलटलेल्या बाईनं हे लिहिलंय. कितीतरी वर्षं मी हे जपून ठेवलं होतं, नवऱ्यालाही दाखवलं नव्हतं. एवढंच काय ते शहाणपण.

सरांनी गृहपाठ दिला. एक माणूस निवडा. त्याला रोज पाहा आणि डोळ्यांना, कानांना, नाकाला जेवढं कळतं तेवढंच लिहा. विशेषण वापरायचं नाही, खोडायचं नाही. रोज एक पान, एकाच जागी बसून. शिवाय लिहिताना काय वाटलं त्याची दैनंदिनी वेगळी ठेवा. म्हणजे ही.

माणूस कुठून आणू? लॅबमध्ये माणसं काचेवर येतात. त्यांना चेहरा नसतो. घरात मात्र एक आयता आहे.

मंगळवार, ५ मार्च

सासरे. मी त्यांना बाबा म्हणते. सासूबाई गेल्या त्यानंतर ते आमच्याकडे राहायला आले. स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत झोपतात, सकाळी वाचनालयात पेपर वाचायला जातात आणि बाकीचा वेळ आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून असतात. मी त्यांच्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर न बघण्याची मला सवयच लागली होती.

आज पाहिलं. त्यांची खालची कवळी सैल आहे. सूपचा घोट घेतला की ती उचलली जाते, वरच्या कवळीवर आपटते आणि टक् असा आवाज होतो. प्रत्येक घोटाला टक्. पावाचा घास या गालातून त्या गालात फिरतो, मध्येच ओठांशी येतो, बाहेरचं जग बघून परत आत जातो. जेवण झाल्यावर ते कवळी काढतात, ग्लासातल्या पाण्यात बुडवतात, बोटानं ढवळतात. मग कवळी तोंडात घालतात आणि ते पाणी पिऊन टाकतात.

गंमत म्हणजे लॅबमध्ये मला कशाचीच किळस येत नाही. बेडक्याची डबी उघडी ठेवून मी शेजारी बसून डबा खाऊ शकते. नव्या मुली तोंडाला रुमाल लावतात तेव्हा मी त्यांना हसते. पण हा ग्लास, ते पाणी, ती तरंगणारी पावाची कणी! ओकारी दाबत पान पुरं केलं. विशेषण एकही नाही. लिहून झाल्यावर ते पान दोनदा वाचलं, किळसेनं की आनंदानं ते कळलं नाही.

शनिवार, ९ मार्च

वर्गात पान वाचलं. कुणी हसलं नाही. सर "हं" म्हणाले. "हं" म्हणताना त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात थुंकी जमली होती.

"किळस हा तुमचा प्रांत आहे," ते म्हणाले. "आता तिथेच घर बांधा. कादंबरी याच म्हाताऱ्याची."

भूगोल शिक्षक तोंड वळवून खिडकीबाहेर पाहत होते. मला त्यांच्या राणीची कीव आली. रस्त्यानं जवळजवळ पळतच घरी आले आणि खिडकीतल्या बाईला कचऱ्याच्या डब्यात, अंड्याच्या टरफलांखाली दाबून टाकलं.

गुरुवार, १४ मार्च

सवय लागते आहे. पहाटे उठायचं, चहा करायचा आणि जेवणाच्या टेबलाशी बसून लिहायचं. काही सुचो न सुचो, पान भरायचं. काल जे लिहिलं ते आज वाचायचं नाही, हा माझा नियम. वाचलं की स्वतःची शिसारी येते आणि हात थांबतो.

अडचण एकच. बाबाही लवकर उठायला लागलेत. आपला कप घेऊन समोर येऊन बसतात.

"काय लिहितेस?"

"लॅबचं काम आहे, बाबा."

"कर, कर. मी बोलत नाही." मग थोड्या वेळानं, "सकाळी तू बसतेस इथं, बरं वाटतं."

मला बरं वाटलं नाही. ज्याच्यावर लिहायचं तो समोर बसून चहात बिस्कीट बुडवतो आहे आणि ते विरघळून तळाशी गेलं की बोटानं काढतो आहे. म्हटलं तर सोय. पण तो आपल्याकडे बघून हसतो, हे मात्र नको होतं.

बुधवार, २० मार्च

घात झाला. बाबा सुधारायला लागले.

आठवडाभर रोज दाढी करतायत. इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी येतात. बिस्कीट बुडवत नाहीत, तोडून खातात. आज तर कवळी काढायला उठून न्हाणीघरात गेले आणि दार लावून घेतलं. माझ्या हाती काय, तर दारापलीकडचा नळाचा आवाज.

लॅबमध्ये नमुन्यात बाहेरचं काही मिसळलं तर आम्ही तो फेकतो आणि ताजा मागवतो. इथं कुणाकडून मागवू? तीन दिवस झाले, पानावर नुसता एक नीटनेटका म्हातारा बसलाय. त्याच्यात काही राम नाही. इतका राग आला की आज चहा देताना कप आपटला. बाबा म्हणाले, "दमतेस तू फार."

रविवार, २४ मार्च

बाजारातून येताना कणसं दिसली. विकणारी म्हणाली, ही घ्या, कोवळी आहेत. मी दुसऱ्या ढिगातलं, जून दाण्यांचं घेतलं. एकच.

उकडलं, मीठ लावलं आणि दुपारी बाबांसमोर ठेवलं. "बाबा, तुमच्यासाठी आणलंय."

"माझ्यासाठी?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कणसाकडे. मग दोन्ही हातांनी उचललं आणि चावलं.

खालची कवळी कणसात रुतली आणि अख्खी बाहेर आली. कणसाला लटकत राहिली. तिच्यापासून त्यांच्या हनुवटीपर्यंत लाळेची तार लोंबत होती. नवऱ्यानं फोनमधून डोकं वर काढलं आणि हसत सुटला. "बाबा, कणसालाच दात आले की!"

बाबाही हसले, तोंडावर हात धरून. मग कवळी खिशात घातली आणि नखानं एकेक दाणा काढून नुसताच गिळायला लागले. पूर्ण कणीस संपवलं. दाणे न चावता घशाखाली जाताना त्यांचा गळा वरखाली होत होता. मी तेवढ्यात उठून संडासात जाऊन बसले आणि मांडीवर कागद ठेवून सगळं उतरवून काढलं.

इतकं चांगलं मी आजवर लिहिलेलं नाही. हे मी का लिहितेय माहीत नाही, पण लिहिल्यावर खूप वेळ हात धुतले.

शनिवार, ३० मार्च

सर खूश आहेत. नुसते खूश नाहीत, हावरे झालेत. "आणखी आहे का?" असं विचारताना हात चोळतात. पण त्यांनी एक प्रश्न काढला.

"म्हातारा कणीस का खातो? आपल्याला चावता येणार नाही, हे त्याला ठाऊक आहे ना? कारण द्या. नाहीतर तो बाहुला होतो."

खरं कारण कसं सांगणार? गोष्टीत सून नाहीच. मी तिला घेतलेलीच नाही. तिथं म्हातारा एकटा आहे, टेबल आहे आणि कणीस आपलं कुठूनतरी आलंय. शेवटी तिथंच बसून एक वाक्य घातलं: 'तो हावरा होता, त्याला दिसेल ते हवं असे.'

"आता जमलं," सर म्हणाले.

वाचनालयाच्या सभागृहात कार्यशाळेचं जाहीर वाचन आहे. त्यात माझं हे प्रकरण घेतलंय. शहरातले दोन प्रकाशक येणार म्हणे. घरी मी कुणाला सांगणार नाही.

गुरुवार, ४ एप्रिल

जेवताना बाबांनी चमचा खाली ठेवला आणि घसा साफ केला.

"वाचनालयाच्या फळ्यावर सूनबाईंचं नाव लागलंय. कादंबरी लिहिते आहे ती. आपल्याला पत्ता नाही!"

नवरा म्हणाला, "अगं, खरंच? कधी लिहितेस?"

"सकाळी," बाबांनीच उत्तर दिलं. "रोज. मी असतो की समोर." आणि मग माझ्याकडे वळून, "मी पहिल्या रांगेत बसणार. पेपर वाचायला येतात ना, त्या दोघांनाही सांगितलंय."

घास तोंडात फिरत राहिला. या गालातून त्या गालात.

शनिवार, ६ एप्रिल

सरांना म्हटलं, दुसरं काहीतरी वाचते.

"दुसरं काय आहे तुमच्याकडे? ती खिडकीवाली?"

"घरचे येणार आहेत, सर. सासरे येणार आहेत."

सर हसले. दातांत काहीतरी अडकलं होतं त्यांच्या. "लेखकाला सासरे नसतात. म्हाताऱ्याला दाढी चिकटवा, बोटीवर खलाशी होता म्हणा, झालं. त्याला कळणारही नाही. म्हातारी माणसं स्वतःला ओळखत नाहीत."

घरी येऊन दाढी चिकटवली. खलाशी केला. वाचून पाहिलं. दाढीत कणसाचे दाणे अडकल्यामुळे प्रसंग उलट जास्तच रंगला. तो बदल करताना मला मजा आली, हेही लिहून ठेवते. दैनंदिनीत खोटं बोलायचं नाही असं सरांनी सांगितलंय.

रविवार, १४ एप्रिल

वाचन काल झालं. काल लिहायचं धाडस झालं नाही.

बाबा नवा शर्ट घालून पहिल्या रांगेत, त्यांच्या दोन्ही बाजूंना ते दोघे मित्र. एकानं मला लांबूनच हात केला. मी वाचायला लागले. सूपचा प्रसंग आला आणि 'टक्' वाचल्यावर सभागृहात खसखस पिकली. बाबाही हसले. मोकळेपणानं, शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारून. मला वाटलं, खरंच ओळखलं नाही. जीव भांड्यात पडला. आवाज चढला माझा. ग्लासातलं पाणी पिण्याचा प्रसंग तर मी नाटकासारखा वाचला.

मग कणीस. लोक इतके हसले की दोनदा थांबावं लागलं. 'तो हावरा होता. त्याला दिसेल ते हवं असे' हे वाक्य वाचलं आणि समोर पाहिलं. बाबा हसत नव्हते. त्यांनी हात वर नेला आणि तोंडावर धरला, अगदी त्या दुपारसारखा. शेजारचा मित्र एकदा त्यांच्याकडे पाहत होता, एकदा माझ्याकडे.

टाळ्या खूप पडल्या. एका प्रकाशकानं पुढची प्रकरणं मागितली. त्याचा हात ओला होता. सर सगळ्यांना सांगत होते, "मी शोधलीय हिला." मी माझ्या साडीला हात पुसला.

जाताना मित्र बाबांना म्हणाला, "हुबेहूब लिहितात हो सूनबाई." बाबांनी मान हलवली.

घरी येताना नवरा खुशीत. "लोक काय हसले! तू एवढं विनोदी लिहितेस हे माहीतच नव्हतं." आपला बाप त्याला खलाशातही दिसला नाही. फोनमधून डोकं वर काढलं तेवढ्यापुरताच त्यानं तो पाहिला होता.

बाबा म्हणाले, "आवाज स्पष्ट होता. मागच्या रांगेपर्यंत गेला असेल."

सोमवार, १५ एप्रिल

पहाटे टेबलाशी बसले. बाबा आले, पण बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"एक सांगू? राग येऊ देऊ नकोस."

"सांगा."

"ते बाकी सगळं बरोबर आहे. पाणी पितो मी तसं, आवाजही होतो. हिला पण आवडायचं नाही ते." हिला म्हणजे सासूबाईंना. "पण हावरटपणानं नाही खाल्लं मी कणीस. मला दिसत होतं, जून आहे ते. तू काहीतरी माझ्यासाठी म्हणून आणलंस, ते पहिल्यांदाच. नको कसं म्हणणार?"

आणि कप घेऊन आपल्या खोलीत गेले.

मी काय केलं? त्यांच्या मागे गेले नाही. आधी हे लिहून काढलं, शब्द विसरायच्या आत. सरांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं ना! वाक्य किती चांगलं आहे, हेच डोक्यात. लिहून संपल्यावर मला दरदरून घाम फुटला.

शुक्रवार, १९ एप्रिल

बाबा आता टेबलाशी जेवत नाहीत. ताट वाढून घेतात, खोलीत जातात, दार लावतात. जेवण झालं की ताट स्वतः धुऊन जागेवर ठेवतात.

"बरं झालं," नवरा आज म्हणाला, "शांतपणे जेवता तरी येतं."

मी त्याच्याकडे पाहिलं. तोंडाच्या कडेला सूप लागलं होतं आणि ते न पुसताच तो पुढचा चमचा घेत होता. दात सगळे धड आहेत त्याचे. मला त्याच्याकडे बघवेना. मग वाटलं, मी आणि हा, आम्ही काय वेगळे? यानं पाहिलंच नाही आणि मी पाहून विकलं. ताट तसंच ठेवून उठले.

गुरुवार, २५ एप्रिल

लॅबमधून लवकर निघाले आणि बाबांना दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. यायला तयार नव्हते. "आता काय करायचंय," म्हणत होते. मी खूप वेळ दारात उभी राहिले तेव्हा बूट घातले.

डॉक्टरबाईंनी कवळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "हिरड्या झिजल्यात, म्हणून सैल झालीय. आतून अस्तर लावलं की घट्ट बसेल. साधं काम आहे. इतके दिवस का थांबलात?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "मीच कंटाळा केला."

कंटाळा! मी रोज तो आवाज मोजत होते, त्याला शब्द शोधत होते. हे दुरुस्त होऊ शकतं, असा विचार एकदाही माझ्या डोक्यात आला नाही. रोज इतके आजार तपासणारी बाई मी.

माप घ्यायला डॉक्टरबाईंनी साच्याचा लगदा कालवला. बाबा त्या उंच खुर्चीत आडवे झाले. गाल आत गेलेले, तोंड उघडं. तशा तोंडानंच ते मला म्हणाले, "तू बाहेर बश."

बाहेर बसले. आतून त्यांना उमासे आल्याचा आवाज येत होता. आवाजाचं वर्णन करणार नाही.

घरी येताना हळू चालत होतो. मी म्हटलं, "बाबा, चुकलं माझं. कणीस मी मुद्दाम तसलं आणलं होतं. लिहायला."

ते थांबले. म्हणाले, "असं होय?" एवढंच. मग बरंच अंतर चालून झाल्यावर, "आता माझ्यावर लिहू नकोस. मी मेल्यावर काय ते लिही."

"बरं," मी म्हटलं.

आणि माझ्या मनात पहिला हिशेब आला तो त्यांच्या वयाचा. इतकी हलकट आहे मी. जिभेवर कडू पाणी आलं आणि रस्त्याच्या कडेला जाऊन मी खरंच ओकले. बाबा माझी पाठ चोळत उभे होते. "दुपारी काही बाहेरचं खाल्लंस का?"

शनिवार, २७ एप्रिल

सरांना सांगितलं, प्रकरण परत घेते. प्रकाशकालाही कळवते.

आधी त्यांना थट्टा वाटली. मग चेहरा उतरला, मग लाल झाला. "नाव बदला, धंदा बदला. हवं तर म्हातारी करा! तो काय पुस्तक विकत घ्यायला जाणार आहे?"

"जातील, सर. पहिली प्रत तेच घेतील."

"मग तुम्ही लेखक होणार नाही."

"नाही होणार कदाचित," मी म्हटलं. शूरपणा काही नव्हता त्यात. जिन्याकडे जाताना वाटलं, परत जावं, माफी मागावी, सगळं देऊन टाकावं. भूगोल शिक्षक जिन्यापर्यंत आले आणि म्हणाले, "वाईट वाटलं. फार चांगलं होतं ते." चेहऱ्यावर आनंद लपत नव्हता त्यांच्या. निदान एकाचं तरी भलं झालं.

शुक्रवार, ३ मे

पानं कोरी जातायत. सवय मात्र सुटत नाही. पहाटे जाग येतेच. आज चिडून एक वाक्य लिहिलं: 'तिनं कोवळं कणीस बाजूला सारलं आणि जून निवडलं.' त्या वाक्यातून एक बाई उभी राहिली. चाळिशीची. सगळ्या डब्यांत बघते, एवढ्या एका माणसाकडे बघत नाही. तिच्यासमोर कोण बसतं ते मी लिहिणार नाही. रिकामी खुर्ची ठेवीन. जमेल की नाही, देव जाणे. लिहिता लिहिता तिची अशी शिसारी आली की दोन पानं कशी भरली कळलं नाही.

बाबा उठून आले. कवळीला अस्तर लागलंय, बोलणं जरा जाड येतं अजून. कितीतरी दिवसांनी टेबलाशी आले होते.

"परत लिहायला लागलीस?"

"हो. तुमच्यावर नाही."

"मग कुणावर?"

"माझ्यावर."

"चांगलं आहे का?"

"नाही, बाबा. घाण आहे."

त्यांनी थोडा विचार केला. मग खुर्ची ओढली, उलटी फिरवली आणि माझ्याकडे पाठ करून बसले. चहात बिस्कीट बुडवल्याचा आवाज आला. बोट कपात गेलं असणार.

त्यांच्या पाठीवर शर्ट एका जागी विरला होता. त्यातून खांद्याचं हाड दिसत होतं. मी ते बघितलं, आणि मान खाली घातली.